नवस मोठ्यांचा, औषध लेकीचं

पत्र: माझी मुलगी सहा वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. डॉक्टर त्याला ए.एल.एल. म्हणतात. पहिल्या महिन्याच्या उपचारांनंतर रिपोर्ट चांगला आला, 'रेमिशन' आलंय असं सांगितलं, पण औषधं अजून दोन वर्षं चालणार आहेत. सासूबाई म्हणतात, देवानं ऐकलं, आता पोरीच्या अंगात एवढं विष कशाला घालता? त्यांनी नवस बोललाय. आठवड्यातून एक दिवस नातीनं उपवास करायचा आणि तिला घेऊन दर्शनाला जायचं. कुणीतरी दिलेली औषधी चूर्णाची पुडीही त्या तिला गुपचूप चाटवत होत्या, हे मला परवा कळलं. नवऱ्याचा देवावरचा विश्वासच उडालाय. तो प्रार्थनेला बसत नाही, त्यावरून रोज वाद होतात. थोरला मुलगा दहा वर्षांचा आहे, तो एकदम गप्प झालाय. आणि मुलीनं मला विचारलं, "देव माझ्यावर रागावलाय का?" मला उत्तर देता आलं नाही. खरं तर मीच देवावर चिडलेय. काय करू? – एक आई

ताई,

तुमच्या घरातले बाकीचे वाद चार दिवस थांबले तरी चालतील, पुडीचं मात्र आजच बघा. ती बंद करा, पण फेकू नका. उरलेली पुडी एका पिशवीत घाला. कधीपासून, दिवसातून किती वेळा आणि अंदाजे किती चिमूट दिली ते सासूबाईंना शांतपणे विचारून लिहून ठेवा. मग लगेच उपचार केंद्रात फोन करा आणि पुढच्या भेटीला पुडी सोबत न्या. "डॉक्टर रागावतील" म्हणून हे लपवू नका. मुलांच्या कर्करोगाच्या डॉक्टरांना असल्या गोष्टी नवीन नसतात. त्यांची अडचण होते ती माहिती न मिळाल्यामुळे.

एवढी घाई का, ते सांगतो. या आजारात वापरली जाणारी मेथोट्रेक्सेट आणि ६-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) ही केमोची दोन्ही औषधं यकृतावर ताण आणतात. त्यात पुडीची भर पडून यकृताचे आकडे वाढले, तर ते कशामुळे वाढले हे डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो. मग केमोचा डोस कमी होतो किंवा पुढे ढकलला जातो, म्हणजे आजाराला आयती सवड मिळते. काही वनस्पती यकृतातली औषधं मोडण्याची गती बदलतात. व्हिन्क्रिस्टिनसारखं केमोचं औषध त्यामुळे शरीरात जास्त वेळ राहिलं, तर नसांना इजा होते. जबडा दुखणं, आठ-आठ दिवस शौचाला न होणं, चालताना पावलं घासणं, पाऊल वर न उचलणं ही त्याची लक्षणं. असं काही दिसत असेल तर फोनवरच सांगा. वाळलेल्या पाल्यात बुरशीचे कण असतात. निरोगी माणसाला ते बाधत नाहीत, पण पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या मुलाच्या फुप्फुसात तीच बुरशी जीवघेणी ठरू शकते. अशा काही चूर्णांमध्ये शिसं आणि पारा सापडलेला आहे, तो धोका वेगळाच. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मेथोट्रेक्सेट फोलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाची वाट अडवून काम करतं, आणि टॉनिकात तेच असू शकतं. त्यामुळे ताकदीचं म्हणून दुकानातून आणलेलं साधं टॉनिकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आता उपवास. तुमच्या लेकीनं तो करायचा नाही, अर्धा दिवससुद्धा नाही. ६-एमपी घेणाऱ्या लहान मुलांची साखर लांबलेल्या उपाशीपोटी घसरू शकते. मूल सकाळी उठत नाही, घामाघूम होतं, ओकतं, पेंगतं. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध दिल्यावर मूत्राशयाला आणि मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट दिल्यावर मूत्रपिंडांना इजा होऊ नये म्हणून भरपूर पाणी पोटात जावं लागतं. तिच्या वाट्याला एकच उपवास आहे, पाठीच्या कण्यातल्या इंजेक्शनसाठी भूल देतात त्याच्या आधीचा. साधारणपणे घन अन्न सहा तास आणि नुसतं पाणी दोन तास बंद असतं. नेमके तास भूलतज्ज्ञ सांगतील. त्याहून जास्त वेळ "असू दे, बरंच आहे" म्हणून उपाशी ठेवायचं नाही.

मग नवसाचं काय? आमचं मत स्पष्ट आहे. ज्यानं नवस बोलला त्यानं तो आपल्या अंगानं, आपल्या कष्टानं फेडावा. आजारी मुलाच्या पोटावर किंवा औषधावर त्याची अट ठेवू नये. याचं एक मोठं उदाहरण आहे. अमेरिकेतले विनोदी कलाकार डॅनी थॉमस यांनी उमेदवारीच्या हलाखीच्या दिवसांत ख्रिस्ती संत ज्यूड यांच्यापुढे नवस बोलला होता, मला वाट दाखवा, मी तुमच्या नावानं स्थान उभं करीन. पुढे यश आल्यावर त्यांनी तो फेडला मुलांचं रुग्णालय उभारून. मेम्फिस शहरात १९६२ साली ते सुरू झालं. त्या काळी तुमच्या लेकीला झालेल्या आजारातून शंभरात चारच मुलं वाचत. लांबच्या पल्ल्याची, अनेक औषधांची जी उपचारपद्धती आज तुमच्या मुलीला मिळते आहे, तिचा पाया रचण्यात त्या रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. चांगले उपचार पुरते मिळतात तिथे आज याच आजारातून शंभरात नव्वदच्या आसपास मुलं वाचतात. सासूबाईंना हे जरूर सांगा. नवसाला कमी लेखलं असं त्यांना वाटणार नाही, आणि तो कुणी फेडायचा हेही आपोआप बोलण्यात येईल. उपवास करायचा तर त्या स्वतः करू शकतात. त्यांना मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

"देवानं ऐकलं, आता औषध बंद करा" हा या आजारातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. निदान होतं तेव्हा मुलाच्या शरीरात आजाराच्या साधारण एक लाख कोटी पेशी असतात. पहिल्या महिन्याच्या औषधांनी त्यातल्या बहुतेक मरतात. हाडांच्या आतल्या मज्जेच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी शंभरात पाचपेक्षा कमी दिसल्या की 'रेमिशन' म्हणतात. पण त्या वेळीही शरीरात एक हजार कोटीपर्यंत पेशी उरलेल्या असू शकतात. डॉक्टर 'एमआरडी' नावाची तपासणी करतात ती दहा हजारांत एक पेशी शोधण्याइतकी बारीक असते. तिच्यात काही सापडलं नाही, तरी उरलेलं शून्य झालं असा त्याचा अर्थ होत नाही. पूर्वी रेमिशननंतर औषधं थांबवली जात तेव्हा आजार जवळपास प्रत्येक मुलात उलटत असे. पुढची दोन वर्षं उरलेल्या पेशींसाठीच असतात. शेवटच्या टप्प्यात घरी रोज गोळी द्यावी लागते. तेव्हा मूल खेळतं, केस आलेले असतात, आणि गोळी नेमकी त्याच काळात चुकते. ६-एमपीचे शंभरातले पाचाहून जास्त डोस चुकणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. रोजच्या प्रार्थनेची वेळ ठरलेली असेल तर गोळी त्याच वेळेला जोडून घ्या. आधी गोळी, मग प्रार्थना, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या मात्र आठवड्यातून एकदाच असतात. चुकून रोज दिल्या तर विषबाधा होते. त्यांचा डबा वेगळा ठेवा आणि वार मोठ्या अक्षरात लिहा.

दर्शनाला जाण्याचा प्रश्न 'हो' किंवा 'नाही' इतका सरळ नसतो. तो त्या दिवशीच्या पेशींच्या आकड्यावर ठरतो. अहवालात 'एएनसी' असं लिहिलेलं असतं, तो जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा. तो ५०० च्या खाली असेल तर गर्दी पूर्ण बंद. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पेशी तळाला असतात, तेव्हाही नको. आकडा बरा असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर गर्दी नसलेल्या वेळी, उघड्या हवेत, थोडा वेळ जाता येतं. लांबचा प्रवास नको, कारण ताप आला तर केंद्र हाताशी हवं. गर्दीत कांजिण्या किंवा गोवर झालेल्या माणसाशी संपर्क आल्याचं कळलं तर त्याच दिवशी फोन करा, अंगावर पुरळ उठायची वाट बघू नका. संरक्षण देणारं औषध संपर्कानंतर लवकर दिलं तरच उपयोगी पडतं.

कुणी मंतरलेलं पाणी आणून दिलं, तर ते प्यायला द्यायचं नाही. ते कुठून भरलं, किती दिवसांचं आहे हे आपल्याला माहीत नसतं. दारात शिंपडा, तिच्या उशाजवळ झाकून ठेवा, पण तोंडात, डोळ्यांत किंवा कॅथेटरजवळ (औषधासाठी शिरेत बसवलेल्या नळीजवळ) नको. कुणी मनगटात दोरा बांधला, तर तो ओला राहतो आणि त्यात घाण साठते. त्याच हातात सलाईन असेल आणि हात सुजला, तर दोरा रुतून बसतो. तो सुट्या, धुता येणाऱ्या कापडी पिशवीत घालून पलंगाला बांधा. धातूचा ताईत एमआरआयच्या खोलीत नेता येत नाही, म्हणून तोही तिथेच. हे सगळं सासूबाईंना दाखवून, त्यांच्याच हातानं करा. वस्तू फेकली नाही, जागा बदलली, एवढ्यानंही माणसाचं मन शांत होतं.

तापाच्या बाबतीत मात्र घरात दुमत चालणार नाही. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट झालं की फोन आणि लगोलग रुग्णालय, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तुमच्या केंद्रानं वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. आधी ताप मोजायचा आणि फोन करायचा. पॅरासिटामॉल त्यांनी सांगितल्याशिवाय नाही, कारण ताप उतरतो आणि जंतू तसेच राहतात. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. गुदद्वारातून ताप मोजू नका. रुग्णालयात पोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, हे ध्येय असतं. म्हणून दारातच सांगा, "केमो चालू आहे, ताप आहे." प्रार्थना गाडीत बसल्यावर करा, ती म्हणून मग निघायचं असं नको.

सासूबाईंशी हे सगळं तुम्ही एकट्यानं बोललात तर ते सासू-सुनेचं भांडण होईल. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या. आदल्या दिवशी त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्या, "विष कशाला", "उपवास का नाही" असे. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की आज आजी विचारणार आहेत, पाच मिनिटं त्यांना द्या. घरी आल्यावर त्यांच्याकडे खरं काम सोपवा. ताप मोजून वहीत लिहिणं, गोळीची खूण करणं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात धुवायला लावणं, सर्दी झालेल्याला दारातून परत पाठवणं. पुडी चाटवणारी आजी वाईट नसते. नात हातातून निसटतेय आणि आपल्या हातात काहीच नाही, या भीतीपोटी ती पुडीपर्यंत पोचते. हाताला खरं काम मिळालं की पुड्यांची गरज कमी होते.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. लगेच समजूत घालू नका. आधी विचारा, "तुला असं का वाटलं गं?" बहुतेक वेळा मागे काहीतरी ठरावीक असतं. भावाला मारलं होतं, दूध सांडलं होतं, किंवा कुणीतरी तिच्यासमोर "देव परीक्षा बघतोय" म्हटलेलं असतं. तिचं ऐकून झालं की सरळ सांगा: "नाही. तू काही केलंस म्हणून हा आजार झाला नाही. तू काही बोललीस किंवा मनात आणलंस म्हणूनही नाही. तुझ्या हाडांच्या आत रक्त तयार होतं, तिथल्या काही पेशी बिघडल्या. औषध त्यांना घालवतंय." हे एकदा सांगून पुरत नाही. या वयाची मुलं तोच प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा विचारतात, कारण ती समजून घेत असतात. उत्तर दर वेळी तेच द्या. "देव तुला नक्की बरं करणार" असं वचन देऊ नका. उद्या सुई दुखली, केस पुन्हा गेले, की तिला वाटेल आपली प्रार्थना कमी पडली. "देव आपल्याजवळ आहे, आई जवळ आहे, डॉक्टर काम करताहेत" एवढं खरं आहे, आणि पुरेसं आहे. तिला काय मागायचं ते तिचं तिला मागू द्या. सुई दुखू नये असं ती मागत असेल तर मागू दे, आणि बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारून सुईच्या तासभर आधी लावा. ते दहा मिनिटं आधी लावलं तर उपयोग होत नाही.

पुढे कधी तिनं "मी मरणार का?" असं विचारलं, तर विषय बदलू नका. मुलांना घरातली कुजबुज कळतेच, आणि आई-बाबांना त्रास नको म्हणून ती गप्प राहतात. स्वीडनमध्ये कर्करोगानं मूल गमावलेल्या पालकांना विचारलं होतं, तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ जणांपैकी ६९ जणांना होता. तुमची मुलगी त्या वळणावर नाही. "डॉक्टर तू बरी व्हावीस म्हणून औषध देताहेत, आणि काही बदललं तर मी तुला खरं सांगीन" एवढं उत्तर आज प्रामाणिक आहे.

केमोबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील त्या दिवसांत ती ओरडेल, मारेल, प्रार्थनेला बसणार नाही, मध्यरात्री खायला मागेल. तो हट्ट नव्हे आणि कुणाचा कोपही नव्हे, औषधाचा परिणाम आहे. औषध थांबल्यावर काही दिवसांत उतरतो. ते दिवस कॅलेंडरवर रंगवून ठेवा. ही गोळी जेवणाबरोबर द्या, आणि दिवसाचा शेवटचा डोस संध्याकाळच्या आत देता येईल का ते विचारा, म्हणजे झोप लागते.

थोरल्याकडे आम्हाला विशेष लक्ष द्यावंसं वाटतं, कारण अशा घरांमध्ये गप्प मुलाला शहाणं समजलं जातं. दहा वर्षांच्या मुलाला आजाराचं नाव सांगा. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, तुझ्यामुळे झालेला नाही, आणि आम्ही रुग्णालयात असू तेव्हा तुझ्याजवळ कोण असेल, या तीन गोष्टी स्पष्ट बोला. तिसरी पालक विसरतात, आणि मुलाला रात्री छळते तीच. "तू आवडीची वस्तू सोड, म्हणजे दादाच्या त्यागानं बहीण बरी होईल" असा नवस त्याच्यावर कुणी लादू देऊ नका. बहिणीचे पेशींचे आकडे पडले की तो स्वतःला गुन्हेगार समजेल. आठवड्यातून एक ठरलेला तास फक्त त्याचा ठेवा, आणि त्यात आजाराचा विषय त्यानं काढला तरच. त्याच्या वर्गशिक्षकांना परिस्थिती सांगा आणि वर्गात कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवायला सांगा. त्याचं लसीकरण पूर्ण हवं, पण तोंडावाटे पोलिओचा डोस असेल तर आधी केंद्राला विचारा, त्याऐवजी इंजेक्शन देतात.

तुमच्या नवऱ्याचा विश्वास परत आणणं हे आत्ता तुमचं काम नाही. प्रार्थनेला बसायची सक्ती नको, आणि त्यानंही बसणाऱ्यांची टिंगल करायची नाही, एवढा करार पुरे. मुलांनी विचारलं तर दोघांचं उत्तर एक असू दे: "आई प्रार्थना करते, बाबा वेगळ्या तऱ्हेनं सांभाळतात." आठवड्यातून वीस मिनिटं दोघांनी बसा आणि औषध, पैसे, देव हे तिन्ही विषय बाजूला ठेवा. शक्य असेल तेव्हा रुग्णालयातली पाळी बदला. कायम एकच जण मुलीजवळ राहिला तर दुसऱ्याला घरातच परकं वाटायला लागतं, आणि तो राग पुष्कळदा देवाच्या नावानं बाहेर पडतो.

राहिला तुमचा राग. देवावर चिडणं म्हणजे विश्वास संपणं नव्हे. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्यावरच माणूस चिडतं. प्रार्थनेचे शब्द सुचत नसतील तर नुसतं बसा, किंवा काही दिवस बसूही नका. "माझ्या हातून काय पाप घडलं" हा विचार येत असेल, तर हे वैद्यकीय उत्तर ठेवा: मुलांच्या कर्करोगात साधारण दहातल्या एकाच मुलात जन्मजात जनुकीय कारण सापडतं, आणि बाकीच्यांत आई-वडिलांनी केलेली किंवा न केलेली कुठलीही गोष्ट कारण म्हणून दाखवता येत नाही. धर्मातल्या जाणत्या व्यक्तीशी बोलावंसं वाटलं तर अशी निवडा, जी आजाराचा दोष तुमच्यावर टाकत नाही आणि औषध सोडायला सांगत नाही. मुलगी शांत झोपलेली असतानाही तुम्हाला दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, छातीत धडधड होऊन घाबरं होत असेल, तर केंद्रातल्या समुपदेशकाची किंवा समाजसेविकेची वेळ मागा. बहुतेक मोठ्या केंद्रांत ही सोय उपचारांचाच भाग असते. स्वतःला संपवण्याचा विचार मनात आला तर वेळ मिळायची वाट बघू नका. त्याच दिवशी नवऱ्याला सांगा आणि डॉक्टरांना भेटा.